कोण कोणाचा कोण ?

शिष्यवृत्तीच्या परीक्षेंत बुद्धिमत्ता चाचणी म्हणून जी प्रश्नपत्रिका असते, तींत नात्यांचीं कोडीं हटकून असावयाचीं. त्यांची धाटणी साधारण अशी : छायाचित्रांतील एका स्त्रीकडे बोट दाखवून मुलगा म्हणतो, "हिच्या भावाची आई ही माझी आजी." तर ती स्त्री त्याची कोण ? खालीं चार पर्याय दिलेले असतात व त्यांपैकीं एकाचें वर्तुळ काळें करावयाचें असतें. पुढें नोकरीच्या स्पर्धापरीक्षांतहि हींच कोडीं वेष पालटून भेटतात. शिकवणीच्या वर्गांत त्यांकरितां युक्त्या सांगितल्या जातात, बाजारांत जाडजूड मार्गदर्शक पुस्तकें मिळतात, पालक तीं हौसेनें आणून देतात आणि मुलें युक्त्या पाठ करतात. प्रस्तुत लेखकाचें मत असें आहे कीं, हीं कोडीं गणिताचें एक उपप्रकरण समजून घोकण्याजोगीं नव्हेत. तीं प्रथम भाषेचीं कोडीं आहेत. मराठी मुलानें तीं मराठींत विचार करून सोडवावीं, आणि त्याच्यापुढें तीं ठेवणारानेंहि मराठींतच रचावीं. परभाषेंतून उचललेलें नात्याचें कोडें मराठींत येतां येतां पुष्कळदां दुसरेंच कोडें होऊन बसतें.

वर दिलेली धाटणीच पाहा. स्त्रीच्या भावाची आई ती त्या स्त्रीचीहि आई. (सावत्रपणाची भानगड तूर्त बाजूस ठेवूं, ती पुढें येणारच आहे.) ही आई मुलाची आजी, म्हणजे छायाचित्रांतील स्त्री आजीची मुलगी ठरली. आतां आजी जर वडिलांची आई असेल तर ही स्त्री आत्या. आईची आई असेल तर मावशी, किंवा कदाचित् मुलाची प्रत्यक्ष आईच! उत्तरें तीन झालीं. हिंदींत हेंच कोडें 'दादी' शब्द घालून विचारलें तर उत्तर एकच येतें, कारण हिंदींत बापाची आई ती दादी आणि आईची आई ती नानी. मराठींत दोघीहि आजीच. भाषांतर करणारा 'दादी' च्या जागीं 'आजी' लिहितो, वाक्य शुद्ध राहतें, आणि कोडें मात्र मोडतें. ज्या मुलानें तिन्ही शक्यता ओळखल्या, तो पर्यायांकडे पाहत बसतो व त्याचा वेळ जातो. ज्यानें पहिली सुचली ती खूण केली, त्याला गुण मिळतात. बुद्धीची परीक्षा व्हावयाची ती अशी उलटी होते.

मराठीचें बळ कोठें आहे व तिची ढिलाई कोठें आहे, हें मुलांना नीट दाखवून दिलें पाहिजे. आईबापांच्या पिढींत ती फार काटेकोर आहे. बापाचा भाऊ काका किंवा चुलता, आईचा भाऊ मामा. बापाची बहीण आत्या, आईची बहीण मावशी. शब्द उच्चारला कीं बाजू ठरली. चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ व मावसभाऊ या चौघांना इंग्रजींत मिळून एकच शब्द आहे, आणि तो तर भाऊ कीं बहीण हेंहि सांगत नाहीं. बायकोचा भाऊ मेहुणा, नवऱ्याचा भाऊ दीर, बायकोच्या बहिणीचा नवरा साडू. इंग्रजी माणूस तिघांनाहि एकाच नांवानें ओळखतो. परंतु आजोबा, आजी, नातू, नात या ठिकाणीं मराठीनें बाजू सोडून दिली आहे. 'मेहुणा' हा शब्दहि दुहेरी आहे : बायकोचा भाऊ तो मेहुणा आणि बहिणीचा नवरा तोहि मेहुणा. जेथें भाषा ढिली, तेथें कोडें घालणाराला आणि सोडविणाराला दोघांनाहि सावध राहावें लागतें.

आणखी एक बारकावा आहे, व तो फारसा कोणी मुलांच्या नजरेस आणून देत नाहीं. अंगणांत एक गृहस्थ व त्यांची बहीण बसलीं आहेत, आणि त्यांच्या तिसऱ्या भावाचा मुलगा समोरून जात आहे. गृहस्थ त्याला आपला पुतण्या म्हणतील. बहीण त्याच मुलाला आपला भाचा म्हणेल. मुलगा एक, रक्ताचें अंतरहि एक, पण शब्द दोन ; कारण भावाचें मूल पुरुषाला पुतण्या आणि स्त्रीला भाचा. यावरून एक सुंदर कोडें होतें : "तो माझ्या भावाचा मुलगा, माझा भाचा," असें कोणी पडद्यामागून म्हटलें, तर बोलणारें माणूस पुरुष कीं स्त्री ? मराठी मुलाला उत्तर तत्काळ आलें पाहिजे. हें कोडें इंग्रजींत घालतांच येत नाहीं.

या सर्व कोड्यांचें एक जुनें मूळ आपल्या घरांतच आहे. वेताळपंचविशी कोणीं ऐकली नाहीं ? अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें आपल्या कथासरित्सागरांत या गोष्टी गोंविल्या, आणि तेथून त्या देशोदेशीं फिरल्या. राजा खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानांतून चालला आहे. प्रेतांतील वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटीं प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचें डोकें फुटावयाचें ; बोलला तर वेताळ परत झाडाला जाऊन लोंबकळावयाचा. शेवटच्या कोड्यापर्यंत राजा प्रत्येक प्रश्नाला उत्तर देतो व प्रत्येक वेळीं त्याची खेप फुकट जाते. शेवटचें कोडें मात्र नात्याचें आहे. एक पिता व त्याचा पुत्र रानांत शिकारीस गेले असतां त्यांना दोन स्त्रियांच्या पावलांचे ठसे दिसतात, एकीचे मोठे व एकीचे लहान. दोघे आपसांत ठरवितात कीं, मोठ्या पावलांची ती पित्यानें वरावी व लहान पावलांची ती पुत्रानें. गांठ पडते तेव्हां कळतें कीं त्या मायलेकी आहेत, आणि मोठीं पावलें लेकीचीं आहेत ! शब्द तर दिलेला. पित्यानें कन्या वरिली, पुत्रानें माता वरिली. पुढें दोघींनाहि मुलें झालीं. त्या मुलांचें परस्परांशीं नातें काय ? राजा निरुत्तर झाला, आणि निरुत्तर झाला म्हणूनच त्याची खेप पुरी झाली.

कित्येक लोक समजतात कीं या प्रश्नाला उत्तरच नाहीं. उत्तर आहे, आणि मराठींत तें इतकें स्वच्छ येतें कीं सातवीआठवींतील मुलालाहि तें मांडतां यावें. पिता व कन्या यांच्या मुलास अ म्हणूं. पुत्र व माता यांच्या मुलास ब म्हणूं. अ आणि पुत्र यांचा बाप एक, म्हणून अ हा पुत्राचा सावत्र भाऊ झाला. ब तर पुत्राचा मुलगा. तेव्हां अ हा ब चा चुलता आणि ब हा अ चा पुतण्या. आतां दुसऱ्या बाजूनें पाहा. ब आणि कन्या यांची आई एक, म्हणून ब हा कन्येचा भाऊ झाला. अ तर कन्येचा मुलगा. तेव्हां ब हा अ चा मामा आणि अ हा ब चा भाचा. दोघेहि एकमेकांहून एका पिढीनें वडील आणि एका पिढीनें धाकटे ! मुलांच्या जागीं मुली असत्या तर एक दुसरीची आत्या आणि दुसरी पहिलीची मावशी झाली असती. थोरांची गत याहून गमतीची आहे. माता ही पित्याची सून, कारण त्याच्या मुलाची ती बायको. आणि तीच त्याची सासू, कारण त्याच्या बायकोची ती आई. सासूनें सुनेस छळल्याच्या गोष्टी आपण ऐकतों. येथें सासू व सून एकच.

राजाला हें कां सुचलें नाहीं ? आमच्या मतें त्याचें कारण असें कीं, त्याला एकच नांव हवें होतें. प्रश्न 'नातें काय' असा एकवचनीं होता, म्हणून तो एक शब्द शोधीत राहिला. वस्तुतः येथें दोन शब्द एकाच वेळीं खरे आहेत. चार पर्यायांच्या प्रश्नपत्रिकेंत बसणाऱ्या मुलाचीहि पुष्कळदां हीच अडचण असते.

आश्चर्य असें कीं, अगदीं याच चार माणसांचें कोडें युरोपांतहि सांपडतें. यॉर्कचा अल्क्विन हा विद्वान शार्लमेन बादशहाच्या दरबारीं शिकवीत असे ; तो इ. स. ८०४ मध्यें वारला. तरुणांच्या बुद्धीला धार यावी म्हणून जमविलेल्या लॅटिन कोड्यांचा एक संग्रह त्याच्या नांवावर मोडतो. लांडगा, शेळी आणि कोबी नदीपार नेण्याचें जें कोडें सर्वांच्या परिचयाचें आहे, तें त्याच संग्रहांतील. त्यांतच विचारलें आहे कीं, बापानें विधवेची मुलगी केली व मुलानें ती विधवा केली, तर त्यांच्या मुलांचें नातें काय ? शेजारींच दुसरें कोडें आहे : दोन पुरुषांनीं एकमेकांच्या बहिणी केल्या, तर त्यांच्या मुलांचें नातें काय ? हें वाचून आपल्याकडील कोणतीहि आजी हंसेल. ती म्हणेल, हें तर साटेलोटें. पोरें एकमेकांचीं आतेभावंडेंहि आणि मामेभावंडेंहि. अल्क्विननें ज्याला बुद्धीची धार मानलें, तें आपल्या खेड्यांत लग्नाच्या याद्या करतांना बायका तोंडानें सोडवितात.

लॅटिन भाषेंतहि काका व मामा यांस वेगळे शब्द होते. बापाचा भाऊ तो 'पात्रुस', आईचा भाऊ तो 'आवुंकुलुस'. आजच्या इंग्रजींतील 'अंकल' हा शब्द या दुसऱ्याचाच झिजलेला वंशज आहे. म्हणजे मूळ अर्थ मामा. पुढें काकाला स्वतःचें नांव उरलें नाहीं व तोहि मामाच्याच नांवाखालीं गेला. हल्लीं आपल्या मुलांच्या तोंडीं शेजारी, दुकानदार, वडिलांचे मित्र आणि सख्खे काका या सर्वांना सरसकट 'अंकल' ऐकूं येतें. शेजाऱ्यास कोणी अंकल म्हटल्यानें आमचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु मामा आणि काका यांस एकाच शब्दानें हांक मारणाऱ्या मुलापुढें वेताळाचें कोडें ठेवा. त्याच्या भाषेंत उत्तर येईल तें एवढेंच कीं, अ हा ब चा अंकल आणि ब हा अ चा अंकल. उत्तर खोटें नव्हे. पण त्यांत कांहीं सुटलें असेंहि नव्हे.

कोणी म्हणेल, हे सर्व कथेंतील खेळ झाले, प्रत्यक्षांत अशीं दुहेरी नातीं कोठें असतात ? त्यासाठीं दूर जावयास नको. याच जुन्नर तालुक्यांतील शिवनेरी किल्ल्यावर १६३० सालीं शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. त्यांच्या पत्नी सईबाई या फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या घराण्यांतील, आणि बजाजी नाईक निंबाळकर हे सईबाईंचे भाऊ. महाराजांनीं आपली व सईबाईंची कन्या सखूबाई ही बजाजींचे चिरंजीव महादजी यांस दिली. आतां सांगा, बजाजी हे महाराजांचे कोण ? मेहुणेहि आणि व्याहीहि. सखूबाईंचे ते मामाहि आणि सासरेहि. संभाजीमहाराजांना महादजी हे मामेभाऊ लागत आणि बहिणीचे यजमान म्हणून मेहुणेहि लागत. यांतील कोणतेंहि एक नांव सांगून दुसरें नाकारणें म्हणजे अर्धाच इतिहास सांगणें होय.

आपल्या भाषेनेंहि याची साक्ष जपून ठेविली आहे. सून सासऱ्यास 'मामंजी' म्हणत असे, व कित्येक घरांत सासूस 'आत्याबाई' म्हणत. आत्याच्या यजमानांस मामा म्हणण्याची चालहि पुष्कळ घरांत आहे. डॉ. इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांनीं भारतांतील नातेव्यवस्थेवर १९५३ सालीं जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत दाखविलें आहे कीं, उत्तरेंत अशा जवळच्या भावंडांचा विवाह वर्ज्य मानतात, दक्षिणेंत आतेमामे भावंडांचा विवाह रूढ आहे, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधोमध उभा आहे. येथें मामाची मुलगी करण्याची चाल पुष्कळ जातींत आढळते. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें निकटच्या नात्यांतील विवाहास मनाई केली, परंतु जेथें तशी रूढी आहे तेथें ती मान्य ठेविली. रक्ताच्या इतक्या जवळच्या नात्यांत विवाह झाल्यास कांहीं आनुवंशिक रोग संततींत उतरण्याचा संभव वाढतो, हें आतां सर्वमान्य आहे, आणि त्या दृष्टीनें ही चाल ओसरणें इष्टच. तथापि ज्या घरांत ती चालत आली, त्या घरचें मूल परीक्षेस बसतें तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें मामा आणि आजोबा हे एकच गृहस्थ उभे असूं शकतात. 'आईच्या वडिलांना आईच्या सासूबाई कोण लागतात ?' या प्रश्नाला दुसरें मूल 'विहीण' म्हणेल. हें मूल प्रामाणिकपणें 'सख्खी बहीण' म्हणेल, आणि त्याच्या घरापुरतें तें खरें असेल. त्यास मूर्ख ठरविण्यापूर्वी प्रश्न घालणारानें आपलें गृहीत काय होतें तें तरी लिहावें. 'एरवीं कोणतेंहि दुसरें नातें नाहीं असें समजा,' एवढें वाक्य छापावयास कितीशी शाई लागते ?

शिकवणीच्या वर्गांवर आमचा सर्वस्वीं राग आहे असें मात्र नव्हे. आकृति काढून सोडविण्याची पद्धत ते शिकवितात ती चांगलीच आहे. पुरुषास चौकोन, स्त्रीस वर्तुळ, विवाहास आडवी रेघ व संततीस उभी रेघ ही खूण तर आनुवंशिक रोगांचा माग काढणारे डॉक्टरहि वापरतात. आक्षेप आहे तो आकृति पुरी होण्यापूर्वींच नांव उच्चारण्याच्या घाईवर. आधीं माणसें मांडावीं, मग दोघांदोघांची जोडी घेऊन पाहावी. वेताळाच्या गोष्टींत माणसें अवघीं सहा, पण जोड्या पंधरा होतात. प्रत्येक जोडीला दोन बाजूंनीं दोन नांवें, आणि कांहीं जोड्यांना त्याहूनहि अधिक.

जोड्यांचें हें महत्त्व ज्यांना प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यांनीं खोडदला जावें. तेथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखालीं ती उभारली गेली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांपैकीं चौदा मध्यभागीं जवळजवळ, आणि बाकीच्या सोळा तीन दिशांना दूरवर पसरलेल्या, इतक्या कीं टोंकाटोंकांतील अंतर सुमारें २५ किलोमीटर भरतें. आकाशाकडे तोंड करून उभी असलेली एकटी तबकडी बारीक चित्र देऊं शकत नाहीं. प्रत्येक दोन तबकड्यांवर आलेल्या लहरी एकमेकींशीं ताडून पाहाव्या लागतात, आणि तीस तबकड्यांच्या अशा जोड्या ४३५ होतात. त्या सर्व जोड्यांच्या हिशेबांतून दूरच्या आकाशगंगेचें रूप कागदावर उतरतें. तबकड्या तीसच, परंतु माहिती आहे ती त्यांच्या परस्परसंबंधांत. खोडदच्या शेतकऱ्याच्या घरांतील दहा माणसांचें मांडा, पंचेचाळीस जोड्या निघतील.

एक आक्षेप खरोखर विचार करण्याजोगा आहे. आतां घरें लहान झालीं. एकुलत्या एका आईबापांचें एकुलतें एक मूल असेल तर त्याला काका नाहीं, मामा नाहीं, आत्या नाहीं, मावशी नाहीं. ज्या शब्दांना माणूसच उरलें नाहीं ते शब्द त्यानें कां वागवावे ? यावर आमचें म्हणणें एवढेंच कीं, आकृतींत रिकामी जागाहि दाखवितां येते. आपल्याला मामा नाहीं हें कळण्यासाठीं मामा म्हणजे काय हें ठाऊक असावें लागतें. शिवाय ज्या मुलाला स्वतःच्या घरीं हे शब्द मिळत नाहींत, त्याला तर ते शाळेनें दिलेच पाहिजेत.

दर वर्षीं २८ फेब्रुवारीस राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानें खोडदच्या केंद्रांत शाळाशाळांच्या मुलांचे प्रयोग मांडले जातात. पवनचक्क्या आणि ज्वालामुखी पुष्कळ झाले. आमची सूचना अशी कीं, एखाद्या वर्गानें आपल्या गांवांतील तीन पिढ्यांची एक वंशाकृति, नांवें गाळून, मोठ्या फळ्यावर काढावी व येणाऱ्याजाणाऱ्यांस तींतील कोणत्याहि दोन चौकोनवर्तुळांवर बोट ठेवून नातें विचारावें. माहिती घरोघरच्या आजीआजोबांकडून मिळेल. त्यांच्यासारखा जाणकार या विषयांत दुसरा नाहीं, आणि शिकवणीची फी ते घेत नाहींत.

तोंवर वाचकांकरितां एक कोडें. घरांत नवी आलेली सून सासूला आत्या व सासऱ्याला मामा म्हणते, आणि हीं दोन्ही नातीं लग्नानें झालेलीं नसून जन्मापासूनचीं, रक्ताचीं आहेत. तिच्या आईबापांच्या पिढींत काय घडलें असलें पाहिजे, आणि लग्नापूर्वी तिचा नवरा तिचा कोण कोण लागत होता ? सहा माणसें आहेत ; अर्ध्या पानावर मावतात.